दळलेलं पुन्हा दळणाऱ्या यंत्राबद्दल दाजींना

तीर्थरूप दाजींना नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे आणि ताईने घातलेली जिन्याची बंदी पाळताय ना, हे आधीच विचारून घेते. एकदा मुद्द्यावर आले की मायेने काही विचारणं मला जमणार नाही.

नाटकाच्या दिव्यांसाठी तुम्ही जो प्रोग्राम लिहून दिलात, त्याने काल भर प्रयोगात माझी अब्रू घालवली. तुम्ही म्हणाला होतात, प्रत्येक प्रवेशाच्या सूचना आपण साध्या भाषेत लिहायच्या, यंत्र त्या एकदाच दळून तयार फाइल करतं आणि प्रयोगात तीच उचलतं. (‘एकदाच’ हा शब्द तुमचा.) मूळ फायली रोज पेनड्राइव्हवरून नव्याने उतरव, हेही तुम्हीच सांगितलंत. मी इमानदारीने उतरवल्या. त्यामुळे मूळ फाइल त्या दिवशीची आणि शेजारी पडलेली तयार फाइल आदल्या दिवशीची. यंत्राला वाटलं, दळण शिळं झालं. लागलं प्रत्येक प्रवेशाला पुन्हा दळायला. बाकी ठिकाणी ते खपून गेलं, पण शेवटच्या प्रवेशात अंधार होऊन लगेच सकाळ व्हायची असते. सकाळ काही होईना. संगणकाच्या पडद्यावर आपलं ‘कृपया थांबा’. चारशे माणसं काळोखात बसवून मी कोणाला थांबा म्हणू?

या प्रवेशात लेक घर सोडून निघते आणि बाप तिला अडवतो. बापाचं काम करणारे आमचे अण्णा मुरलेले नट. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि पदरचं वाक्य टाकलं, “जायचंच असेल तर उजाडायच्या आत जा. मला बघवायचं नाही.” लेकीचं काम करणारी नवखी. तिला ते खरंच वाटलं आणि ती गेली. (तिचं चार पानी भाषण अजून बाकी होतं.) मी वर दिव्यांच्या खोलीत टेबलाखाली शिरून वायरी हलवत होते. उजाडलं तेव्हा रंगमंचावर अण्णा आणि एक रिकामी खुर्ची. पडदेवाल्याला वाटलं संपलं, त्याने पडदा ओढला.

दिग्दर्शक वर आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, “पुन्हा असं झालं तर दिव्यांना दुसरं कोणीतरी बघतो.” पंधरा वर्षं मी या दिव्यांशी संसार केला दाजी, आणि तुमच्या त्या फाइलपायी हे ऐकून घेतलं. तेव्हा तयार फायली कुठे ठेवल्या म्हणजे यंत्र त्यांच्या वाटेला जाणार नाही, तेवढं ताबडतोब कळवा. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवू? की मूळ फायलीच इथून हलवू?

तुमची संतापलेली मेहुणी

ता. क. दिग्दर्शक आत्ताच येऊन गेले. लोक रडत बाहेर पडले म्हणे. कालचा अंधार आता रोज हवा, तेवढाच लांब. तेव्हा वरचं राहू द्या. कुठे ठेवलं म्हणजे यंत्र न चुकता पुन्हा दळेल, ते कळवा.

ता. ता. क. लेकीचं काम करणारी इथेच उभी आहे. तिची चार पानं गेली. यंत्र पुन्हा दळू नये म्हणून आधी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तिला परस्पर कळवा, मला काही माहीत नाही.