सुईवाल्याची घाई

राजमान्य राजश्री महादेवराव जवाईबुवा यांस खुशालरावाचा रामराम.

तुमच्या आईचा मोतीबिंदू काढायला सुईवाला वैद्य अंजनगावात उतरला आहे, असे माझ्या बहिणीचे, जमुनेचे सांगणे आले. आईंच्या डोळ्याला त्याला सुई लावू देऊ नका. यंदा कापसाच्या गाड्यांनी अकोल्याचा बाजार फुलला आहे, त्या गर्दीतच हा माणूस आमच्या बाबांना भेटला.

त्याने बाबांच्या डोळ्यात सुई घातली आणि समोर दोन बोटे धरली. बाबा ओरडले, "दोन! दिसून राहिले मले!" सारी आळी आनंदाने रडली. मला मात्र वैद्याची घाई खटकली. "चार दिवस राहा," म्हटले, तर म्हणाला, "काहून? डोया तं उघडला." पट्टी बांधून तो त्याच दुपारी निघून गेला.

पट्टी सोडली तेव्हा डोळा लालबुंद होता आणि त्यातून पू येत होता. तरी बाबा सगळ्यांना सांगतात, दिसते. काल वावरात मला म्हणाले, "पाय रे, कापूस कसा पांढरा फुटला!" ते वावर आम्ही केव्हाच वेचून घेतले होते. मी नुसते "हो" म्हटले.

एवढे लिहून आत्ता बाबांना वाचून दाखवले. ते काठी चाचपत उठले. मग म्हणाले, "कागद कदी पोचन? गाडी जुंप. विहीणबाईले मीच सांगतो, मले काही दिसत नाही."

म्हणून पत्र पाठवत नाही. त्यांना हाताला धरून गाडीत बसवतो.

तुमचा
खुशालराव