शेंडीचा नारळ

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते. माझं लग्न, अमेरिकेतलं हे बेलव्ह्यूचं घर, तुझी नात, यातलं तू काहीच पाहिलं नाहीस. आज लिहितेय ते मात्र संतापून. नवरा वेगळा राहायला गेला, ते एक वेळ सोसलं असतं. पण आता तो कोर्टात म्हणतोय की आमची सहा वर्षांची मुलगी माझी नाहीच.

माझ्या पोटी मूल राहीना, म्हणून इथल्या एका बाईने आमचं मूल तिच्या पोटात वाढवलं. बीजांड एका अनोळखी मुलीचं, बाकी याचं. जन्माआधीच कोर्टाने आदेश दिला होता: बाप हा, आई मी. ऐकताना याचे डोळे भरून आले होते. तोच आदेश आता याला रद्द करून हवाय, कारण म्हणे रक्त याचं आहे. आणि पुरावा काय दिलाय, ऐक. सातव्या महिन्यात मी त्या बाईची ओटी भरली होती. तिला कुठला पदर, तिने आपल्या स्वेटशर्टचा घेर पुढे धरला. फोटो यानेच काढला. परवा जबानीत याच्या वकिलाने तो माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "हा तुमच्यात आईचा मान ना? मग तुम्हीच हिला आई मानलंत!" मी याच्याकडे पाहिलं, तर हा बुटांकडे बघत बसलेला. पार्किंगमध्ये गाठलंच मी त्याला.

"शेंडीचा नारळ मिळेना म्हणून दिवसभर ड्राइव्ह करत कोण फिरलं होतं रे? ओटी कशासाठी भरतात, तुला माहीत नाही?"

"यार, ती लॉयरची स्ट्रॅटेजी आहे. पर्सनली घेऊ नकोस."

पर्सनली! माझं लेकरू काढून घेतोय आणि मी मनावर घ्यायचं नाही!

तेव्हापासून मला तुझं स्वयंपाकघर सारखं आठवतंय. बाबांशी लग्न करून तू घरात आलीस त्याच वर्षीची गोष्ट. तू पोळ्या लाटतेयस, मी ओट्याखाली बसलेय. शेजारच्या काकू म्हणतात, "सावत्र असून छान लळा लावलास हो." तुझं लाटणं थांबत नाही. "काकू, घरी गॅसवर दूध ठेवून आलात ना? उतू जाईल," म्हणतेस. काकू पुन्हा तो शब्द बोलल्या नाहीत. मला तसं एका वाक्यात कुणाला घालवता येत नाही गं.

निकाल अजून यायचाय. तुझी नात आत्ता समोर दूध पितेय, आणि प्रत्येक घोटाआधी कपावर फुंकर मारतेय, अगदी तुझ्यासारखी. मी म्हटलं, "अगं, गार आहे ते." "आय नो," म्हणाली आणि पुन्हा फुंकर मारली तिने. वकिलाने विचारलं होतं, या मुलीत तुमचं असं काय आहे? हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुला सांगते. ती फुंकर मी तिला मुद्दाम शिकवली, ती बोलायलाही लागली नव्हती तेव्हा. मला तू घरात हवी होतीस.