चोथ्याचा ढीग

३ सप्टेंबर
आज पुन्हा चोथा! डुकरं साथीत गेली, चुना टाकून पुरली, तरी क्वेत रोज टेम्पो भरून शहरातल्या बिअर कारखान्यातून बार्लीचा चोथा आणतोच. खाणार कोण? म्हणतो, "एकदा घेणं सोडलं तर दुसरा कोणी धरेल. पुढे डुकरं घेतली की काय घालायचं त्यांना?" पुढे! डुकरं पाळायची बंदी तरी उठू दे. पण वाद कशाला घालू? नवऱ्याचंही मन मोडलंय.

७ सप्टेंबर
शेजारची मेनकाकी कुंपणावरून ओरडली, "थोआ, डुकरं होती तेव्हा एवढी घाण नव्हती गं!" तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर माश्याच माश्या. मान वर होईना.
शेतकी खात्याच्या बाई मागे म्हणाल्या होत्या– याचं खत होतं, कोरडं काहीतरी मिसळा. गिरणीतून भाताचं तूस आणून कालवलं. बघू.

१५ सप्टेंबर
ढीग तापायला हवा, तर हा थंडगार. आंबट पाणी गळतंय. अळ्या! अजून दुप्पट तूस घातलं, एकटीनं फावड्यानं खालीवर केला. क्वेत ओट्यावर फोन घेऊन बसलेला. "ये की जरा!" – "आलोच." आला नाही.

१९ सप्टेंबर
वाफ! आत हात घातला तर चटका बसला. क्वेतला ओढत नेऊन दाखवलं. हसला– किती दिवसांनी!

१४ ऑक्टोबर
पहिलं पोतं मेनकाकीला दिलं. एवढा वास सोसला तिनं. "नवलकोलाला घाल," म्हटलं. खूश झाली.

२० ऑक्टोबर
काकीची रोपं पिवळी पडली. दोन्ही वाफे. खत कच्चं होतं, मुळं जळली. मला कळायला हवं होतं– आतून कोमट लागत होतं तरी दिलं!
काकी ओरडली नाही. एक रोप ओट्यावर ठेवलं. "टेटच्या, नव्या वर्षाच्या सणाला नवलकोल हनोईच्या बाजारात न्यायचे होते गं." आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर
काय करू?

२ नोव्हेंबर
काकी रस्त्यात दिसली. दुसरीकडे बघत गेली.
चोथा येतोच आहे. ढीग पालथा करते, झाकते. दुसरं काय येतंय मला?

२५ नोव्हेंबर
पहिला ढीग आता काळा, भुसभुशीत, गार. या वेळी आधी घरच्या डब्यात मोहरी पेरून पाहिली. दहा दिवस झाले, हिरवीगार!
पोतं घेऊन काकीच्या दारात उभी राहिले. कितीतरी वेळ कडी निघेना. शेवटी काकी दार उघडून म्हणाली, "अर्ध्या वाफ्यात घालीन. अर्ध्याच! ही नवी रोपंही मेली तर तुलाच त्या ढिगात पुरीन." मी वेडीसारखी तिथंच रडले. मग तीही.
धावत घरी आले, क्वेतला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "थोआ, बस जरा."

२६ नोव्हेंबर
क्वेत तैवानला चाललाय. कारखान्यात, तीन वर्षं. गुरुवारी विमान. कागद डुकरं पुरली त्याच आठवड्यात भरले होते.
"मग चोथा कशाला आणत होतास रोज?"
"तू नुसती डुकरांच्या रिकाम्या गोठ्याकडे बघत बसायचीस. म्हणून."
तो गेल्यावर चोथा कोण आणणार, ते विचारायचं राहिलंच.