आईची जर्मन

अण्णा,

आई जर्मन बोलते. आधी एवढंच लिहिते आणि तुम्हाला दम घ्यायला वेळ देते. चौऱ्याहत्तर वर्षांची तुमची बायको, जिच्या डोक्यात भाषा शिरतच नाही असं तुम्ही चारचौघांत सांगायचात, ती काल दुपारी येलहंक्याच्या घरात जिन्याच्या पायरीवर बसून तासभर जर्मनमध्ये बोलली. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी भांडायला इतका भक्कम मुद्दा मला मिळाला नव्हता. आज मिळालाय, तर तो मी पुरता वापरणार आहे. रागावू नका. आणि रागावलात तरी आता काय करणार आहात म्हणा.

तुम्ही विमानांच्या कारखान्यात रशियन कागदांची भाषांतरं करायचात आणि मंगळवार-शुक्रवारी संध्याकाळी आपल्या जेवणाच्या टेबलावर तिथल्या इंजिनियरांना रशियन शिकवायचात. मी दहा-अकरा वर्षांची, खिडकीपाशी गृहपाठाचं नाटक करत बसलेली. तुमच्या हातात तांबडी पेन्सिल. कुणाचा एक शब्द चुकला की तुम्ही ती पेन्सिल टेबलावर आपटता आणि म्हणता, पुन्हा, पहिल्यापासून. ज्यांच्या हाताखाली शंभर-शंभर माणसं राबत होती असे बाप्ये तुमच्यासमोर घामाघूम होऊन बसलेले मी पाहिलेत. व्याकरणाचे तक्ते पाठ झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा तुमचा नियम. दहाजण यायचे, दिवाळीपर्यंत तीन उरायचे, आणि पळून गेलेल्यांची तुम्ही आळशी म्हणून वासलात लावायचात. आई मध्येच कॉफी ठेवून जायची आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकायची. वर्षभर ऐकत होती, पण ते तुम्हाला कुठून कळणार, तुमची पाठ होती तिकडे.

मग तो रशियन पाहुणा जेवायला आला तो दिवस. आईनं बिसिबेळे भात केला होता, कोसंबरी केली होती, ठेवणीतली साडी नेसली होती. दार तिनंच उघडलं आणि पाहुण्याला रशियनमध्ये म्हणाली, या, बसा, जेवण गरम आहे. कुणी शिकवलं नव्हतं, नुसतं ऐकून जमवलं होतं तिनं. पाहुण्याचा चेहरा फुलला, तो काहीतरी बोलणार एवढ्यात तुम्ही तिला थांबवलंत. शब्दाचा शेवट चुकला होता म्हणे. तिला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलंत, पाहुण्यादेखत, दारात उभं करून. तिसऱ्यांदा त्याच्याबरोबर आलेले तुमचे दोघे इंजिनियर हसले आणि त्यांच्याबरोबर तुम्हीही हसलात. आई स्वल्प पाणी आणते म्हणून आत गेली आणि जेवणं उरकेपर्यंत वाढण्यापलीकडे बाहेर आली नाही. त्यानंतर तुम्ही सगळ्यांना सांगायला लागलात की हिला भाषा जमत नाही, चाळिशीनंतर डोकं वाळतंच. अहो, ती तेव्हा पस्तिशीची होती. शेजारच्या अक्कांशी तमिळ बोलायची, फुलवालीशी तेलुगू बोलायची. ते तुमच्या लेखी शिकणंच नव्हतं, कारण त्याला तक्ता नव्हता. मला तेव्हा एवढं सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तुमच्यापुढे बोलायची माझी काय टाप होती.

मी जर्मनची शिक्षिका झाले ते तुम्ही पाहिलंत. महादेवपुऱ्यात कंपन्यांतल्या मुलामुलींना, जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या नर्सना शिकवते. आणि वर्षानुवर्षं अगदी तुमच्यासारखंच शिकवलं. तांबडी पेन्सिल जाऊन तांबडा पेन आला एवढाच काय तो फरक. परीक्षेत माझी मुलं लिहायची झकास, बोलायची वेळ आली की मूग गिळून बसायची. पाच वर्षांपूर्वी आमच्या संस्थेनं मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका बाईंना आम्हा शिक्षकांपुढे बोलायला आणलं. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील. ही पोर मला काय शिकवणार, असं नाक मुरडून मी मागच्या रांगेत बसले होते. दुपारपर्यंत पुढच्या रांगेत आले.

ती बाई म्हणाली, शब्दाचा अर्थ आधी सांगू नका, अंदाज करू द्या, अंदाज चुकला आणि मग खरं उत्तर कळलं की ते जास्त पक्कं बसतं. थोडं विसरू द्या आणि मग विचारा, कारण आठवताना जी ओढाताण होते तिनंच शब्द रुजतो. शिकल्यावर झोपू द्या, झोपेत मेंदू ते नीट लावून ठेवतो. आणि शिकणारा धास्तावला तर त्याचं सगळं लक्ष भीतीकडे जातं, शब्दाकडे उरतच नाही. हे ऐकताना मला तुमच्या टेबलाभोवतीचे ते घामेजलेले चेहरे दिसत होते. तुमचे लोक आळशी नव्हते, अण्णा, घाबरलेले होते. मी हात वर करून चाळिशीचं विचारलं. ती म्हणाली, वयानं वेग कमी होतो, दार बंद होत नाही. ते मी वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. वर्गात करून पाहिलं तर माझ्या नर्स बोलायला लागल्या, चुकत, हसत, पण बोलायला लागल्या. तेवढ्यावर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. तुम्ही म्हणाला असतात, तरुण डोकी आहेत, त्यात काय मोठंसं.

तुमची एक नात आहे. दादा जर्मनीत स्थायिक झाला, बायको तिकडची, मुलगी आता सात वर्षांची. तिला मराठी शिकवतो म्हणाला होता, शिकवली नाही, त्याचं आता काय काढायचं. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा आली तेव्हा एका दुपारी दादा आणि मी कामाला बाहेर गेलो होतो आणि घरी ती आणि आई दोघीच होत्या. पोरीला ताप चढला. ती रडून रडून काहीतरी सांगत होती आणि आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पोटाला हात लावून बघ, कपाळाला लावून बघ, असं चाललं होतं. आम्ही आलो तेव्हा दोघीही रडत होत्या. त्या खेपेला मग पोर आईजवळ फिरकलीच नाही. ते लोक परत गेल्यावर आईनं मला विचारलं, ती पुन्हा येईपर्यंत मला थोडं येईल का गं, स्वल्प पुरे. मी हो म्हटलं आणि मनात तुमचंच वाक्य आलं, की हिला नाही जमायचं.

पुस्तक मी उघडलंच नाही. सकाळी वीस मिनिटं, बास. अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसलो की मी एकेक वस्तू उचलून जर्मनमध्ये काही विचारायचे आणि आईनं अर्थाचा अंदाज करायचा. काय एकेक अंदाज करायची, हसून हसून पुरेवाट. तिची दुपारची डुलकी झाली की पुन्हा तेच, मग दोन दिवसांनी, मग आठवड्यानं. चार महिन्यांत तिला माझं बरंचसं कळायला लागलं. मी जर्मनमध्ये मीठ मागितलं की मीठ येत होतं, खिडकी लाव म्हटलं की खिडकी लागत होती. पण बोलायची मात्र नाही. एक अवाक्षर नाही. मी थांबले, आणि मग एकदा चहा पिताना आपण होऊन ती म्हणाली, चहा गरम आहे. जर्मनमध्ये. आणि अण्णा, मी काय केलं असेल? तिचं क्रियापद दुरुस्त केलं. तोंडातून निघूनच गेलं. आईनं कप खाली ठेवला.

"तू थेट अण्णांवर गेलीस," ती म्हणाली.

आठ दिवस जर्मन बंद. तुमच्या शिव्या मी खाल्ल्या होत्या, पण तुमच्यासारखी म्हणून कुणी शिवी दिली नव्हती. मग मी एक युक्ती काढली. आई बोलायला लागली की मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसायचे. वाक्य पुरं होईपर्यंत गिळायचा नाही. गाल फुगवून बसलेल्या मला बघून तिला हसू यायचं आणि हसता हसता ती पुढचं बोलायची. घोट गिळला की मी तेच वाक्य सहज, बरोबर रूपात, माझ्या उत्तरात म्हणायचे आणि पुढे जायचे. तिच्या कानांवर माझा भरवसा होता. ते कान मी लहानपणापासून पाहिले होते. दोन वर्षं चाललं हे, सरी सरी, म्हणजे बरं बरं, करत, दसरा नाही, संक्रांत नाही, एकही आठवडा कोरा गेला नाही.

तीन दिवसांपूर्वी दादा मुलीला घेऊन आला. देवनहळ्ळीच्या विमानतळावरून टॅक्सीत येतानाच पोर त्याच्या कुशीत तोंड खुपसून होती. आईनं दारात स्वागताचं वाक्य म्हटलं ते इतक्या बारीक आवाजात की मलाच जेमतेम ऐकू आलं. दोन दिवस पोर तिच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. मेंदू-बिंदू सगळं ठीक, पण जिच्यासाठी शिकायचं तीच समोर येत नसेल तर कुणी काय करावं. काल दुपारी ती बापाशी भांडून जिन्यावर जाऊन बसली. दादा समजूत काढायला उठला, मी त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं. आई गुडघ्यावर हात टेकत दोन पायऱ्या चढली आणि तिच्या खालच्या पायरीवर बसली. आम्ही दोघं खोलीच्या दाराआड.

आईनं विचारलं, कुठे दुखतंय का? पोर म्हणाली, कुठेच नाही. मग पोरीनं तिला जर्मनमध्ये विचारलं ते मी जन्मात विसरणार नाही.

"मागच्या वेळी तू माझ्याशी बोललीच नाहीस. मी तुला आवडत नव्हते का?"

आईला कळलं. शब्दन् शब्द कळला, मला तिच्या मानेवरून दिसलं. दादानं माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय. ती शोधत होती, शब्द चाचपत होती, आणि मग अडखळत, पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"आवडत होतीस. खूप. माझ्याकडे शब्द नव्हते. आता आहेत."

पोर एक पायरी खाली सरकली. आईचा एक शब्द तिनं सुधारलासुद्धा, आणि आई हसली, तो शब्द पुन्हा म्हणाली आणि म्हणाली, अजून सांग. सुधारणं हे असंही असतं, अण्णा, बघा. मग पडलेला दात, शाळेतली मैत्रीण, मांजर, सगळं निघालं. पोरीनं भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारलं. माझा नवरा, आई म्हणाली, मास्तर होता, फार कडक. आणि दोघी खिदळल्या. तुमच्यावर हसल्या त्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू.

जिंकली ती, आणि तिच्या मागोमाग मीही. हे तुम्हाला पोचणार नाही हे कळायला मला मेंदूवाल्या बाईंची गरज नाही. कागद व्याकरणाच्या पुस्तकात ठेवून देईन, ते आई कधी उघडत नाही. फक्त एक गोष्ट दादालाही सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. दाराआड उभी राहून मी रडत होते हे खरं. पण रडता रडता आईच्या त्या उत्तरातल्या चुका मी मोजत होते. तीन होत्या.