बेल वाजल्याशिवाय

प्रिय हजेरीबाई,

एका गंभीर अन्यायाची दाद मागायला हे पत्र लिहितो आहे. आरोपी आहे तुझी खुर्ची. माझ्या खुर्चीचं चाक निखळल्यापासून मी तुझ्या खुर्चीवर बसतो. सकाळी दांडी ओढून तिला माझ्या उंचीला आणतो, आणि मग ती हळूच, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, सुस्कारे टाकत खाली जायला लागते. दुपारपर्यंत मी टेबलापाशी शाळकरी पोरासारखा दिसतो. बरं, खाली म्हणजे तळाला नाही. बरोब्बर तुझ्या उंचीला येऊन थांबते. तिची पुस्तिका शोधून पाहिली. 'खुर्ची आपोआप खाली येत असल्यास विक्रेत्याशी संपर्क साधा,' एवढंच. असलीच वाक्यं लिहून पोट भरणाऱ्या माणसाने तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची?

बातमी अशी, की कंपनीला एकाएकी आमच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली आहे. दर सोमवारी पत्रक येतं. घरून काम करणाऱ्यांनी ताठ बसावं, मधूनमधून उठावं, पाणी प्यावं, खिडकीतून लांबवर पाहावं. आपल्या खिडकीतून लांबवर समोरच्या इमारतीची भिंत आहे. ती मी पाहतो. पावलं मोजणारा एक पट्टाही सगळ्यांना वाटला. तो मी कपडे धुण्याच्या यंत्रावर ठेवतो. यंत्र पिळायला लागलं की पट्टा असा काही थरथरतो, की मी डोंगर चढून आलो असं कंपनीला वाटतं. लेक मात्र फसत नाही. व्हिडिओवर आली की पोलिसासारखी विचारते, बाबा, आज खाली उतरलात का? मी पायातले बूट दाखवतो. परवा म्हणाली, बुटांचे तळ दाखवा. तळ नव्यासारखे कोरे. तुझ्यावर गेली आहे पोरगी. पाय सुजतात हे तिला डॉक्टरांकडून कळलंच आहे. डॉक्टर म्हणाले, औषध काय, लिहून देईन ढीगभर, पण असेच बसून राहिलात तर हे पाय तुमचं ऐकायचे बंद होतील. मी मान हलवली आणि घरी येऊन बसलो.

आपण दोघं एकदमच घरी बसायला लागलो, ते दिवस आठवतात? तू आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून विम्याच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या गोड आवाजात झेलायचीस, मी बाहेर मिक्सरच्या पुस्तिका लिहायचो. काम कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, पत्ताच लागेना. एकदा भांडी घासताना तू मला विचारलंस, आपला पॉलिसी क्रमांक सांगाल का? मी हसलो. तू घाबरलीस. आणि दुसऱ्या दिवशी फर्मान काढलंस. संध्याकाळी साडेसहाला एकाने बूट चढवून बाहेर पडायचं, इमारतीला फेरी मारायची, वर येऊन बेल वाजवायची. दुसऱ्याने दार उघडून विचारायचं, आलास? कसं होतं ऑफिस? एक दिवस तू, एक दिवस मी. पाळी चुकली तर उधार राहील, माफ होणार नाही. आणि बेल वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग बाहेर कुणी का असेना. मी तुला हजेरीबाई म्हणत भरपूर टर उडवली, तू मला माहितीपत्रक म्हणालीस. पण पहिल्या दिवशी मी दारात उभा राहून रस्त्यावरच्या गर्दीला चार शिव्या घातल्या, तू गंभीर चेहऱ्याने पाण्याचा पेला पुढे केलास, आणि खांद्यांवरचं काहीतरी खरोखर उतरलं.

शेवटची फेरी माझी होती. दार तू उघडलंस. दुसऱ्या दिवशी पाळी तुझी, पण सकाळीच तुला दवाखान्यात हलवावं लागलं आणि तिथून तू परत आली नाहीस. पुढचं सगळं रीतसर झालं. तुझं खातं बंद झालं, तुझा हेडफोन कंपनीने मागवून घेतला. पाळी तेवढी कुणी रद्द केली नाही. लेकीला हे कसं सांगू? पाळी तुझी असताना मी बाहेर पडलो, तू आलीस आणि दार उघडायला कुणी नसलं तर? म्हणून साडेसहाला मी जागेवर असतो. बूट घालून बसतो, न जाणो. बेल वाजत नाही, म्हणून ऑफिस सुटत नाही, म्हणून मी पुढची पुस्तिका उघडतो.

आणि ती लिफ्ट. समोरचं घर रिकामं झाल्यापासून आपल्या मजल्यावर येण्यासारखं कुणी उरलेलं नाही. तरी साडेसहाच्या सुमाराला ती येते. दार सरकतं. पावलं वाजत नाहीत. मी श्वास धरून बसतो, खुर्ची सुस्कारा टाकते, आणि बऱ्याच वेळाने लिफ्ट खाली जाते. कुणीतरी चुकीचं बटण दाबत असेल, असं मी स्वतःला रोज समजावतो. रोज चुकणारा माणूस कोण, हे विचारायचं टाळतो.

आज दुपारी दारावर थापा पडल्या. पार्सलवाल्या बाई होत्या. एरवी पार्सलं खाली पहारेकऱ्याकडेच राहतात, आज सही हवी होती. म्हणाल्या, काका, बोट दुखलं दाबून दाबून, तुमची बेल मेलीय की. पार्सलात कंपनीने पाठवलेली ढाल निघाली, सर्वाधिक चालणारा कर्मचारी म्हणून. ती तशीच ठेवून मी बेलचं झाकण उघडलं. सेल गळून आत पांढरा थर धरला होता. असा थर चार-आठ दिवसांत धरत नाही. 'उपकरण चालत नसल्यास प्रथम सेल तपासा.' हे वाक्य मी जन्मभर लिहीत आलो.

तेव्हापासून काही सुचत नाही. तू नियमाची पक्की. तू दार ठोठावणार नाहीस, हाक मारणार नाहीस. बटण दाबून उभी राहिली असशील, आणि आत मी श्वास धरून बसलेला. म्हणून हे लिहायला घेतलं. नवे सेल घातले आहेत, पण आज बेलची वाट पाहणार नाही. साडेसहा होत आले, पाण्याचा पेला भरून ठेवला आहे. लिफ्ट वर येते आहे. हा कागद टेबलावर ठेवून मी उठतो, दार सताड उघडतो. आलीस? कसं होतं ऑफिस? ये, बस. खुर्ची तुझ्याच उंचीला आहे. मी जाऊन येतो, आता फेरीची पाळी माझी.

तुझाच,
माहितीपत्रक