पार्वतीची टॅब

सोमवार, ६ जानेवारी
लागले बाई एकदाची नोकरीला! भिवंडीत, कशेळीच्या गोदामात डिस्पॅच ऑपरेटर. खोली धामणकर नाक्याला, शेअर रिक्षा दारातच. आई गणेशपुरीला एकटी आहे, तेवढाच जीव तिकडे लागून राहतो.

इथली एक गंमत. माणसं बदलतात, ब्राउझरचं लॉगिन बदलत नाही. सगळे पासवर्ड त्यातच साठवलेले, म्हणून पहिली ऑपरेटर पार्वती हिच्याच नावाने अजून काम चालतं. कॉम्प्युटर मात्र नुसता रडका. कोर्स काही उगाच केला नाही मी. कुठली टॅब किती मेमरी खाते ते काढलं. बाकीच्या शंभर-दीडशे एमबी आणि एक कोरी, बिननावाची टॅब नऊशे! दिली बंद करून. सुपरवायझर ललिताताई धावतच आल्या. पार्वतीची हाय ती, बंद न्हाय करायची, म्हणाल्या.

मंगळवार, ७ जानेवारी
टॅब परत हजर. तेराशे एमबी. माझा संशय राकेशवर, कॉम्प्युटर तोच बघतो. चोरून काहीतरी चालवत असणार. विचारलं तर हसला आणि विंडोज काढून लिनक्स टाकून दिलं. मशीन हलकं झालं, लॉगिन केलं, टॅब आली. म्हणाला, मॅडम, विंडोज असो, लिनक्स असो, फोन असो, लॉगिन एक तर टॅबपण सगळीकडे तीच. पटलं. पण फुगते कशाने, ते त्यालाही सांगता येईना.

गुरुवार, ९ जानेवारी
घरून याद्या बघाव्यात म्हणून माझ्या फोनवरही तेच लॉगिन टाकलं. त्यातूनच आईचा गॅस नोंदवला, तिचा पत्ता आपोआप साठवला गेला. संध्याकाळी ती कोरी टॅब माझ्या फोनवर! उघडली. अक्षरं उमटत होती. सावकाश, एकेक, समोर कुणी टाईप करत असल्यासारखी.

भिवंडी ते गणेशपुरी एसटी.

शनिवार, ११ जानेवारी
हे राकेशचं काम नाही. लॉगिन कुठे कुठे चालू आहे त्याची यादी काढली. गोदाम. माझा फोन. आणि पार्वतीचा फोन, ठिकाण कशेळी, आत्ता चालू. म्हणजे फोन ललिताताईंनी दाबून ठेवलाय! तोंडावर विचारलं. त्या रडायलाच लागल्या. दिवाळीआधी पार्वती खाडीत पडली, दोन दिवसांनी सापडली. फोन अजून गाळातच हाय, म्हणाल्या. टॅब चालू दिसली की पोरगी ड्युटीवर हाय असं वाटतं त्यांना.

मला भीती वाटते आहे. खरंच वाटते आहे.

सोमवार, १३ जानेवारी, सकाळ
फोनवरून लॉगिन काढलं. परत आलं. पुन्हा काढलं —
यादीत पार्वतीचा फोन. ठिकाण वज्रेश्वरी, गणेशपुरीच्या जरा अलीकडे.
घराचा पत्ता मीच भरला. मीच दिला तिला —
आईचा फोन लागत नाही.

एसटीत
यादीत आता गणेशपुरी.

आईने उचलला. खुशीत होती. तुझ्या ऑफिसातली मुलगी आली आहे म्हणाली, गुणाची आहे, पण पार भिजली आहे बिचारी. फोनमध्ये पाणी गेलंय, चार्जर मागत होती, दिला. मी ओरडले, आई, तिच्याजवळ जाऊ नको, बाहेर नीघ. एसटीतले सगळे वळून बघायला लागले. आई हसली. म्हणाली, थांब, तिलाच बोलायचंय तुझ्याशी, हे घे गं बाळ, बोल —