आपल्या घाटावरचा कॅन

गोमेल, बुधवार

बाबा, तुमच्या यानिनाचा नमस्कार.

मी बरी आहे, खोली उबदार आहे, बटाटे पुरतात. धाकट्या झोसियाचा खोकला थांबला का?

फोन लागत नाही आणि घाई आहे, म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती देते आहे. आपल्या घाटावरचं पाणी चांगलं निघालं असं मी फोनवर सांगितलं, ते खरं धरू नका. नमुना घेताच त्यात आम्ल घालायचं असतं. नाहीतर अणुभट्टीच्या स्फोटातून पाण्यात आलेलं किरणोत्सारी द्रव्य कॅनलाच चिकटतं आणि आकडा खोटाच कमी येतो. त्या दिवशी घाटावर मी आम्लाची बाटली काढली, तेव्हा हान्नामावशी म्हणाली, "नदीचं लोणचं घालतेस का गं?" मी हसत बसले आणि नेमकं आपल्याच कॅनमध्ये आम्ल घालायचं राहिलं.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख फाइना ल्वोव्ना म्हणतात, "आकडा छान आलाय, गावाला बरं वाटेल. कर अहवालावर सही." मी केली नाही. न मोजलेलं मोजलं म्हणायला तुम्ही शिकवलं नाहीत.

शनिवारी पुन्हा नमुना घ्यायला येते. तोवर गाय नदीवर नेऊ नका. आणि ज्यांना तुम्ही आनंदाने सांगितलंत, त्यांच्या दारी जाऊन यानिना चुकली म्हणा. हसले तर हसू द्या, पण घरात भरलेलं नदीचं पाणी तुमच्यासमोर ओतायला लावा.

तुमची,
यानिना